संप : पॅरिसचा आणि बेल्लमपल्लीचा

२०१९ च्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. बी. ए. च्या वर्गात मी आधुनिक युरोपचा इतिहास शिकवीत होतो. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत पॅरिसची छायाचित्रे येत होती. निवृत्तिवेतनाच्या नव्या योजनेविरुद्ध ५ डिसेंबरपासून फ्रान्समध्ये संप सुरू झाला होता. भुयारी रेल्वे बंद पडली होती आणि कडाक्याच्या थंडीत माणसे मैलोगणती पायी चालत कामावर जात होती. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, फ्रेंच लोकांना कामाचा एवढा कंटाळा का?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि क्रांतीची परंपरा, समाजवादी विचारांचा प्रभाव वगैरे पुस्तकी उत्तर देऊन मोकळा झालो. वास्तविक या प्रश्नाचे खरे उत्तर मी आठ वर्षांपूर्वीच डोळ्यांनी पाहिले होते. ते पॅरिसमध्ये नव्हे, तर आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्लमपल्ली या कोळशाच्या गावी. परंतु ते वर्गात सांगण्याचे मी टाळले, कारण त्या हकिकतीत मी स्वतः फारसा शोभून दिसत नाही. त्या विद्यार्थ्याचे देणे या लेखात फेडावे असे योजिले आहे.

शब्दाची जन्मकथा

संपाला फ्रेंच भाषेत 'ग्रेव' म्हणतात. हा शब्द मुळात एका जागेचे नाव आहे. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी 'प्लास द ग्रेव' नावाचे मैदान होते. ग्रेव म्हणजे वाळूचा, खड्यांचा काठ. आज पॅरिसच्या नगरभवनासमोर जो चौक आहे तीच ही जागा. हाताला काम नसलेले मजूर सकाळी तेथे येऊन उभे राहत आणि कोणी काम देतो का याची वाट पाहत. पुढे काम असूनही ते बंद ठेवून मजूर जमू लागले, तेव्हा त्यालाही 'ग्रेव' हेच नाव पडले. काम मागणारा आणि काम नाकारणारा असे दोघे एकाच शब्दात राहतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडील शब्दही बोलके आहेत. हिंदीतील 'हडताल' म्हणजे हाटाला, बाजाराला लागलेले ताळे. गुजरातीत 'संप' या शब्दाचा अर्थ एकी, सलोखा असा आहे. कन्नडमध्ये आपण 'मुष्कर' म्हणतो, तर तेलुगूत 'सम्मे'. बेल्लमपल्लीला मी हा शेवटचा शब्द शिकलो.

फ्रान्सने हा हक्क कसा मिळविला

फ्रेंच माणूस संपाचा हक्क घेऊनच जन्माला आला असे आपण समजतो. ते खरे नाही. ज्या क्रांतीने समतेची घोषणा केली, तिच्याच काळात, १७९१ साली, ल शापलिए कायद्याने कामगारांना एकत्र येण्यास बंदी केली. पुढे जवळजवळ पाऊण शतक संप हा गुन्हा होता. तो गुन्हा राहिला नाही १८६४ साली. कामगार संघटनांना मान्यता मिळाली १८८४ साली. (याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली.) फ्रान्सच्या १९४६ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात संपाचा हक्क लिहिला गेला आणि आजही तो तेथे आहे.

या हक्काची दोन वैशिष्ट्ये विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावीत. एक, तो हक्क संघटनेचा नसून प्रत्येक कामगाराचा आहे. म्हणून कामगारांपैकी जेमतेम दहा टक्के लोक संघटनांचे सभासद असतानाही तेथे मोठे संप होतात. दुसरे, संप फुकट होत नाही. संपाच्या दिवसांचा पगार कापला जातो. सरकारी नोकर तासभर जरी संपावर गेला तरी नियमाप्रमाणे महिन्याच्या पगाराचा तिसावा भाग, म्हणजे पुरता एक दिवस, वजा होतो. तेव्हा कंटाळा आला म्हणून संप करणे हे फ्रेंच माणसालाही परवडणारे नाही.

मग परवडते कसे? याचे उत्तर १९६३ सालच्या खाण कामगारांच्या संपात मिळते. त्या वर्षीच्या १ मार्चला फ्रान्समधील कोळसा कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले. राष्ट्राध्यक्ष जनरल द गोल यांनी कामगारांना सक्तीने कामावर बोलावण्याचा हुकूम काढला. कामगारांनी तो मानला नाही. थंडीचे दिवस, घराघरांतून कोळशाच्या शेगड्या, म्हणजे सामान्य लोकांनी चिडावे अशीच परिस्थिती. पण लोक कामगारांच्या बाजूने उभे राहिले. गावोगाव वर्गण्या जमल्या; संपकऱ्यांच्या मुलांना दुसऱ्या भागांतील कुटुंबांनी आपल्या घरी ठेवून घेतले. सुमारे ३५ दिवसांनी सरकारला पगारवाढ द्यावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने सार्वजनिक सेवांतील संपाला पाच दिवसांची आगाऊ सूचना बंधनकारक करणारा कायदाही केला. कामगारांना वाढ मिळाली आणि लोकांना सूचना मिळण्याची सोय झाली.

बेल्लमपल्लीचे आठ दिवस

आता माझ्या अनुभवाकडे वळतो. २०११ साली सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरात आपल्याकडे विजेची टंचाई होती. रायचूरच्या औष्णिक केंद्राला सिंगरेणीचा कोळसा येतो आणि तो येईनासा झाला होता. स्वतंत्र तेलंगण राज्याच्या मागणीसाठी १३ सप्टेंबरपासून 'सकल जनुला सम्मे', म्हणजे सर्व जनांचा संप, सुरू झाला होता. प्राध्यापक कोदंडराम हे त्यामागील संयुक्त कृती समितीचे अध्यक्ष होते. सरकारी नोकर, शिक्षक, एस. टी. सारख्या बसगाड्यांचे कर्मचारी आणि सिंगरेणीचे साठ हजारांहून अधिक खाण कामगार, सगळेच काम सोडून बसले होते.

माझी थोरली बहीण बेल्लमपल्लीला दिलेली. दाजी भूमिगत खाणीत फिटर. त्यांचे मूळ घर राजुऱ्याकडचे. निजामी अमलात राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट हे मराठी मुलूख तिकडून निघाले. जमीन इकडे आली तरी कोळशाच्या नोकरीसाठी गेलेली माणसे तिकडेच राहिली. (बेल्लमपल्लीही आता आदिलाबाद जिल्ह्यात नाही, २०१६ च्या विभागणीनंतर ती मंचेरियल जिल्ह्यात मोडते.)

दसऱ्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेलो. बस नव्हतीच; स्टेशनपासून बॅग खांद्यावर घेऊन कामगार वसाहतीपर्यंत चालत गेलो. एरवी पाळीच्या भोंग्यावर चालणारे ते गाव. भोंगा नाही, कोळशाच्या गाड्या नाहीत. रस्त्याच्या मधोमध मात्र तीन दगडांच्या चुली मांडून मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजत होता. याला तिकडे 'वंटा वार्पू' म्हणतात : रस्त्यावरच रांधायचे, रस्त्यावरच जेवायचे आणि रस्ता अडवायचा. संध्याकाळी बायका फुलांच्या उतरंडी रचून बतुकम्माभोवती फेर धरीत. आपल्याकडचा हादगाच तो, फक्त गाण्यांत त्या वर्षी तेलंगणचे नाव आले होते. मला हे सारे मौजेचे वाटले. परक्याला संप नेहमी एक तर मौजेचा वाटतो, नाही तर त्रासाचा.

त्रासाचे बोलणे दुसऱ्या दिवशी जेवताना निघाले. माझी भाची दहावीत होती आणि शाळा बंद होती. मी शिक्षक, मला राहवले नाही. मी म्हणालो, "दाजी, तुमच्या संपानं आमच्याकडचे दिवे गेले ते जाऊ द्या. पण पोरीच्या वर्षाचं काय? आणि राज्य झालं तरी तुम्हा मराठी माणसांना त्यात काय मिळणार?"

दाजी शांतपणे भात कालवीत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, खाली उतरताना पाळण्यात कोण मराठी आन् कोण तेलुगू ते दिसत नाही. अंधारच असतो." एवढे बोलून ते हात धुवायला उठले. बहिणीने विषय बदलला.

दोन दिवसांनी बहिणीने भाचीला वाण्याकडे पाठविले आणि मी सोबत गेलो. वाण्याने लाल वही उघडून भाचीकडून सही घेतली. पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, तेल. वर जुन्या नोंदी होत्या. मी सहज वाचल्या. ज्या दिवशी मी आलो, त्या दिवशी चण्याची डाळ आणि गूळ अशी जादा नोंद होती. मला पुरणपोळी वाढली होती ती या वहीतून. 'काम नाही तर दाम नाही' हे धोरण सरकारने जाहीर केलेले होते आणि दाजींच्या घरात संप सुरू झाल्यापासून पगार आलेला नव्हता. आणि मी त्यांच्याच ताटावर बसून संपाने कोणाचे नुकसान होते ते त्यांना शिकवीत होतो.

मी खिशात हात घातला. वाणी म्हणाला, "नको सर. आज तुम्ही द्याल, उद्या बाकीच्या घरांना कोण देणार? सगळ्यांचं एकदमच फिटू दे." त्यालाही मंचेरियलच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे होते आणि तो व्यापारीही थांबला होता. फ्रान्समध्ये जे काम वर्गण्यांनी केले, ते येथे उधारीची एक साखळी करीत होती.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट पाहिली. दहाच्या सुमारास दाजी टोपी, दिवा घेऊन निघाले. मी चकित झालो. संप मोडून कामावर? ते म्हणाले, "पंपाला रजा नसते." भूमिगत खाणीतील पाणी उपसणारे पंप आणि हवा खेळती ठेवणारे पंखे बंद पडले तर खाण पाण्याने भरते, वायू साचतो आणि संप संपल्यावर परतायला खाणच उरत नाही. म्हणून ही कामे चालू ठेवायची, आणि त्या पाळ्यांचे जे पैसे मिळतील ते गल्लीच्या सामाईक खर्चात घालायचे, असे तेथल्या फिटरांनी आपसांत ठरविले होते. काम बंद ठेवण्यालाही केवढी शिस्त लागते हे मला त्या रात्री कळले.

वहीत नाव नसलेली माणसे

येथवर वाचून वाचकाला वाटेल की मी संपाचा भक्त होऊन परतलो. तसे झाले नाही. वसाहतीच्या मागे झोपड्या होत्या. तेथील एक बाई बहिणीकडे येई. तिचा नवरा कंत्राटदाराकडे कोळसा भरण्याच्या कामावर रोजंदारीने होता. खाण बंद, म्हणून त्याचेही काम बंद. त्याला संपाबद्दल कोणी विचारलेले नव्हते. कायम कामगाराला वाणी उधार देतो, कारण आज ना उद्या पगार येणार हे त्याला ठाऊक असते. रोजंदारीवाल्याचे नाव त्या लाल वहीत नव्हते. वंटा वार्पूचा भात त्या घराला मिळे, पण तो दुपारपुरता. बहीण रात्री डबा देई आणि त्या डब्याचा तांदूळही वहीतलाच असे.

संपाची खरी परीक्षा येथे होते असे मला वाटते. ज्याने संप ठरविला त्याने किंमत मोजणे हे न्यायाचे आहे. ज्याला विचारलेच नाही त्याने ती मोजणे हे तसे नाही. माझ्या भाचीची गोष्टही हीच. तिच्या गणिताच्या शिक्षकांनी नंतर रविवारी जादा तास घेतले आणि ती पास झाली. पण दर रविवारी येणे न जमलेली मुलेही तिच्या वर्गात होती.

सिंगरेणीतील संप सुमारे ३५ दिवसांनी मागे घेतला गेला. १९६३ च्या फ्रेंच संपाइतकेच दिवस, हा योगायोग मला पुढे वर्गात शिकविताना जाणवला. सरकारी कर्मचाऱ्यांचा संप २४ ऑक्टोबरला, ४२ दिवसांनी थांबला. राज्य तेव्हा मिळाले नाही. ते २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. दाजींना वाण्याची वही कोरी करायला पुढचा पाडवा उजाडला.

आपला कायदा काय म्हणतो

फ्रान्सप्रमाणे आपल्याकडे संप हा घटनेतील हक्क नाही. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या कलमात आहे. पण त्यात संपाचा हक्क येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितले, आणि २००३ साली तामिळनाडूच्या खटल्यात सरकारी नोकरांना असा हक्क नसल्याचे अधिक कडक शब्दांत नमूद केले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांना संपाची आगाऊ सूचना सक्तीची केली होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने १४ दिवसांच्या सूचनेचा नियम सर्वच औद्योगिक आस्थापनांना लावला आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात तर दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने सूचनेशिवाय काम सोडले तर प्रत्येकी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद होती. १९८१ साली सिंगरेणीत ५६ दिवसांचा संप झाला तो याच आठ दिवसांच्या कपातीविरुद्ध.

सिंगरेणीचा पुढील इतिहास दुसरी बाजूही दाखवितो. १९९० च्या आसपास तेथे वर्षाला शेकडो लहानमोठे संप होत. अनेक संघटना, त्यांच्यातील चढाओढ आणि किरकोळ कारणावरून बंद पडणारी पाळी. कंपनी तोट्यात गेली आणि १९९२ व १९९६ अशी दोनदा आजारी उद्योगांच्या मंडळापुढे उभी राहिली. १९९८ पासून गुप्त मतदानाने मान्यताप्राप्त संघटना निवडण्याची पद्धत आली आणि हे उठसूट संप थांबले. जेथे कामगाराला बोलायला जागा मिळते तेथे संप कमी होतात, असा मी त्याचा अर्थ लावतो.

संपाने नेहमी जिंकताच येते असेही नाही. तेलंगणातील बस कर्मचाऱ्यांचा २०१९ चा संप, शासनात विलीनीकरण व्हावे म्हणून, ५ ऑक्टोबरपासून ५२ दिवस चालला आणि मागणी पदरात न पडता मागे घेतला गेला. पॅरिसचा संप सुरू झाला तो त्यानंतर दहाच दिवसांनी. पुढे २०२३ साली तेलंगणाने विलीनीकरणाचा कायदा केला. महाराष्ट्रात हीच मागणी घेऊन एस. टी. कर्मचारी २०२१-२२ मध्ये पाच महिन्यांहून अधिक काळ संपावर होते. त्यांचे विलीनीकरण झाले नाही. आपल्या कर्नाटकातील बसही २०२१ च्या एप्रिलमध्ये दोन आठवडे थांबल्या होत्या, हे परीक्षेसाठी धावपळ करणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. फ्रान्समध्ये २०२३ साली प्रचंड मोर्चे आणि संप होऊनही निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारा कायदा संमत झालाच.

समारोप

तेव्हा मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला माझे उशिराचे उत्तर असे : फ्रेंच माणसाला कामाचा कंटाळा नाही, जसा तो दाजींनाही नव्हता. फरक आहे तो संपाचा भार वाटून घेण्याच्या सवयीत. कायदा थोडा भार उचलतो, शेजारी थोडा उचलतात, गैरसोय सोसणारा प्रवासी थोडा उचलतो. ज्या समाजाला ही सवय आहे त्या समाजात संप हे न्याय मागण्याचे साधन होते. जेथे ती नाही तेथे संप म्हणजे एकेकट्या घराची उपासमार आणि बाकीच्यांची चिडचिड.

विद्यार्थिमित्रांनो, पुढे कोणत्याही संपाची बातमी वाचाल तेव्हा 'किती नुकसान झाले' या आकड्यापाशी थांबू नका. तीन प्रश्न विचारा. मागणी कोणाची आहे? तिची किंमत कोण मोजतो आहे? आणि मोजणाऱ्यांपैकी कोणाला कोणी विचारलेलेच नाही? तिसरा प्रश्न संप करणाऱ्यांनीही स्वतःला विचारावा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सिंगरेणीतील कंत्राटी कामगार स्वतःच्या मागण्यांसाठी संपावर गेल्याचे वाचले, तेव्हा मला वसाहतीमागच्या त्या झोपड्या आठवल्या. त्या वेळी त्यांची उधारीची वही कोणी उघडली असेल?

दाजी आता निवृत्त झाले आहेत. मागील दिवाळीला ते आमच्याकडे आले असताना अचानक दिवे गेले. अंधारात ते हसून म्हणाले, "मास्तर, या वेळी आम्ही नाही हं!" मी मेणबत्ती शोधीत होतो. त्यांच्यासमोर माझे ते जुने बोलणे मी कधीच मागे घेतले नव्हते. त्या रात्री घेतले.